मेंदू तपासा, खतावणीही तपासा



शेतकऱ्याने जीव दिला की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. पहिली म्हणतात, त्याचे डोके ठिकाणावर नव्हते. दुसरे म्हणजे आपण. आपण म्हणतो, डोक्याचे नाव काढू नका, हा कर्जाचा बळी आहे. इतकी वर्षे आपण हेच म्हणत आलो आणि त्याचा आम्हाला पश्चात्ताप नाही. पण या वेळी थोडे आपल्याच अंगावर घेऊन लिहायचे आहे.

दुधनीच्या आसपासच्या एका गावातली गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही, घरात बायकामुले आहेत. पाच एकर कोरडवाहू, खरिपात तूर आणि थोडा कापूस, रब्बीला मालदांडी. दोन वर्षे ओळीने पावसाने दगा दिला. सोसायटीचे थकले, मग सावकार आला. माणूस रात्र रात्र जागा राहू लागला, जेवण तुटले, दावणीपाशी तासन् तास नुसता बसून राहायचा. भावाने सोलापूरला नेऊन डॉक्टरला दाखवले. गोळ्या सुरू झाल्या आणि दीड महिन्यात गुणही आला. मग पेरणी आली, पैसे बी-खताला गेले, गोळ्या थांबल्या. त्याच हंगामात तो गेला.

पंचनामा व्हायच्या आधी आमच्यातलेच दोघे त्या घरी पोचले. पहिला सल्ला त्यांनी हा दिला, की डॉक्टरचे कागद बाहेर काढू नका. भावाने ते चुलीत घातले. पुढे प्रकरण पात्र ठरले, मदत मिळाली. आपण जिंकलो असे आम्हाला वाटले.

आज त्या घरातला थोरला मुलगा तसाच जागा राहतो आहे. डॉक्टरने विचारले, घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का? आई म्हणाली, नाही. बापाला कोणती गोळी लागू पडली होती हे सांगणारा कागद राख होऊन गेला होता.

कागद जाळायला आम्ही का सांगितले? २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे मृताच्या वारसांना १ लाख रुपये मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्यासाठी मरण नापिकीचे, थकलेल्या कर्जाचे आणि वसुलीच्या तगाद्याचे आहे हे सिद्ध व्हावे लागते. जिल्हाधिकाऱ्याची समिती बसते आणि मेलेल्या माणसाची परीक्षा घेते, पात्र की अपात्र. आजार किंवा व्यसन दिसले की फाईल अपात्राकडे झुकते. म्हणजे सरकारी हिशेबात शेतकरी एक तर कर्जबाजारी असतो नाही तर आजारी असतो. एकाच माणसाला दोन्ही होण्याची परवानगी नाही. सावकाराचा तगादा आणि झोप उडणे यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, असे गृहीत धरणारे हे शहाणपण कुठल्या शास्त्रातून आले?

मेंदूच्या शास्त्रातून तर नक्की नाही. ते शास्त्र काय म्हणते ते पाहू.

त्या शास्त्राची एक मुळी आपल्याच मातीतली आहे. सर्पगंधा. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात लिहिले, की या मुळीने चढलेला रक्तदाब उतरतो. जगभर तिचा वापर सुरू झाला. मग डॉक्टरांना दिसले, की ती घेणारे काही रोगी विनाकारण खिन्न होत आहेत. प्रयोगशाळेत कळले, की तिच्यातले द्रव्य मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायने रिकामी करते. उलट १९५२ च्या सुमारास क्षयावरच्या एका औषधाने अमेरिकेतले रोगी हुशारून उठले, आणि ते औषध ही रसायने टिकवून धरते असे निघाले. या दोन टोकांवरून सिद्धांत उभा राहिला, की नैराश्य म्हणजे डोक्यातल्या रसायनाची टंचाई. त्यावर औषधांचा मोठा बाजार उभा राहिला.

२०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आजवरचा सगळा पुरावा एकत्र चाळला. सेरोटोनिन कमी असल्यामुळेच नैराश्य येते याला खात्रीचा आधार मिळत नाही, असे त्यांनी लिहिले. याचा अर्थ गोळ्या निकामी आहेत असा कोणी घेऊ नये. अनेकांना त्यांनी गुण येतो. चालू गोळी डॉक्टरला न विचारता एकदम सोडणे धोक्याचे आहे, आणि पेरणीच्या तोंडावर तर आपल्याकडे तेच होते. सिद्धांत लंगडा निघाला, एवढेच.

आनुवंशिकतेचेही असेच आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून नैराश्याच्या आजारात रक्ताचा वाटा एक-तृतीयांशाच्या थोडा वर धरतात. स्किझोफ्रेनियात तो पुष्कळ जास्त आहे, आणि तिथेही २०२२ च्या मोठ्या अभ्यासात एक दोषी जनुक सापडला नाही, जनुकसाखळीतल्या २८७ जागा निघाल्या. हे समजायला आपल्याला विद्यापीठात जावे लागत नाही. मालदांडीचे बी एकाच पिशवीतले, पण काळ्या रानातले कणीस आणि मुरमाड माळावरचे कणीस सारखे येते का? बियाण्याचा दोष असेल तर तो शोधाच. पण माती न पाहता, पाऊस न पाहता, उगवले नाही म्हणून बियाण्यालाच फाशी देणारा कृषी अधिकारी आपण बांधावर उभा करणार नाही.

आणि एक अभ्यास तर आपल्या प्रत्येक सभेत वाचून दाखवावा असा आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची दोनदा चाचणी घेतली, ऊस तुटण्यापूर्वी हाताशी काही नसताना एकदा आणि बिलाचे पैसे आल्यावर एकदा. तोच माणूस, तेच डोके. पैसे आल्यावर ते डोके सरस चालले. २०१३ साली 'सायन्स' या मासिकात हे छापून आले. चाचणी विचार करण्याच्या ताकदीची होती, नैराश्याची नव्हे, हे आम्ही लपवत नाही. पण खिसा आणि कवटी यांच्यात भिंत नाही एवढे तिने दाखवले. इंडोनेशियात सरकारने गरीब कुटुंबांना रोख रक्कम दिली तेव्हा आत्महत्या १८ टक्क्यांनी घटल्या, असे २०१९ च्या एका अभ्यासात आहे. ती काही कुणाच्या डोक्याची गोळी नव्हती.

आता फवाऱ्याकडे वळू. त्यावर तज्ज्ञ मंडळी फार कमी बोलतात. आपण कापसावर मारतो त्यातल्या मोनोक्रोटोफॉसच्या जातीच्या विषांचे काम मुळातच मज्जातंतूंवर चालते. एका नसेने दुसरीला निरोप दिला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. हे विष त्या द्रव्यालाच बांधून ठेवते. निरोप थांबत नाही, नसा वाजतच राहतात. अळी त्यानेच मरते. माणसाच्या नसा काही वेगळ्या कायद्याने चालत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा शेतकऱ्याने हातमोजे घातले नव्हते, हा शोध सरकारला लागला. भर उन्हात डोक्याएवढ्या कापसात रबरी हातमोजे घालून कोणी तरी एक दिवस फवारून दाखवावे. जे वाचले त्यांचे पुढे काय? अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या फवारणाऱ्यांचा अभ्यास १९९३ पासून चालू आहे. ज्यांना एकदा विषबाधा झाली होती त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण जास्त आढळले. आमच्या माणसाच्या मेंदूत बिघाड शोधायचा आहे ना? मग सुरुवात पाठीवरच्या पंपापासून करा. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस बंद केले, पुढे आणखी विषे बंद केली, आणि दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. आपल्याकडे ते टप्प्याने बंद करण्याचा आदेश निघायला २०२३ उजाडले.

सरकारला शेतकऱ्याच्या मनाची काळजी नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' निघाला. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत समुपदेशन. सोलापूर त्यात नव्हते. आमच्याकडची नापिकी बहुधा मनाला उभारी देणारी असावी! समुपदेशनाला आमचा विरोध नाही, गोव्यात साध्या प्रशिक्षित माणसांनी बोलून नैराश्य हलके केल्याचे २०१७ मध्ये सिद्ध झालेले आहे. विरोध आहे तो एका हाताने समुपदेशक पाठवून दुसऱ्या हाताने भाव पाडण्याला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, कापूस बोंडावर यायच्या बेतात असताना, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि नंतर ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या बातमीने ज्याची झोप उडाली त्याला समुपदेशकाने नेमके काय सांगावे?

तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. पात्र-अपात्रचा रकाना फाडून टाका. शेतकऱ्याच्या घरात असे मरण झाले तर मदत मिळालीच पाहिजे, मग खिशात सावकाराची चिठ्ठी सापडो की डॉक्टरची. हा आजार शरीराचा आहे असे शास्त्र म्हणते ना? मग मधुमेहाच्या गोळ्या मिळतात तशा याच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयात बारा महिने मिळू द्या. राज्यात मनोरुग्णालये चार, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. दुधनीहून त्यातले सर्वांत जवळचे येरवडा. उलट आपल्या सीमेपलीकडे बळ्ळारी जिल्ह्यात १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते, की प्राथमिक केंद्रातला डॉक्टर शिकवला तर हे उपचार तालुक्यात होतात. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशभराची जिल्हा योजना सुरू झाली. तिचा डॉक्टर आणि तिची गोळी आपल्या तालुक्यात कोणत्या वारी मिळते, हे जिल्हा रुग्णालयाने फलकावर लिहावे.

आणि संशोधकांनी खुशाल यावे. १९७२ च्या दुष्काळात आईच्या पोटात असलेली पोरे आज पन्नाशी ओलांडून बसली आहेत. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत पोटात असलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण दुप्पट निघाले. तशी मोजणी इथे करा, आम्ही गावोगाव सोबत फिरू. फक्त रक्ताच्या बाटलीबरोबर सोसायटीचा उताराही घ्या आणि त्या वर्षीची काटापट्टीही.

आपल्यासाठी एवढेच. जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेल्यावर आता पोलीस केस होईल ही भीती नको, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते. औषधाचे डबे घरात ठेवू नका, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. झोप उडालेल्या माणसाला हिंमत धर म्हणून घरी पाठवू नका, आम्ही ते केले आहे. १४४१६ हा टेलिमानसचा फोन फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो. आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घरातले दवाखान्याचे जुने कागद जपून सोबत आणा, जाळू नका. त्या मुलाची आईही येणार आहे.