लागण झाली, खोडव्याचे काय?



कारखान्याच्या काट्यावरून आम्ही आजवर जेवढी बोलणी खाल्ली, तेवढी दुसऱ्या कशावरून खाल्ली नसतील. एका खेपेला वीस-पंचवीस किलोचा फरक वाटला तरी सभासद बंधू गट ऑफिसात येऊन बसतात, दुसऱ्या काट्यावरची चिठ्ठी टेबलावर ठेवतात आणि हिशोब समजल्याशिवाय उठत नाहीत. ते बरोबरच आहे. घामाचा ऊस काट्यात गेलेला कुणाला परवडेल? पण तेच सभासद बंधू स्वतः दहा वर्षांत पंधरा किलोंनी वाढले, तर त्याचा हिशोब कुणी विचारीत नाही. पट्ट्याला एक भोक वाढवायचे, शिंप्याला "जरा सैल घे" म्हणायचे, म्हणजे झालं.

आज आम्ही या दुसऱ्या काट्याबद्दल लिहिणार आहोत. साखर कारखान्याच्या पत्रकात, त्यातून ऊस विकास अधिकाऱ्याने, "साखर कमी खा" असे लिहावे हे काहींना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. लेख लिहायला घेतला तेव्हा शेतकी खात्यातल्याच एका सहकाऱ्याने विचारले, "साहेब, आपण ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायची म्हणता का?" आमचे म्हणणे असे, की कारखाना तुमच्या चहाच्या कपावर चालत नाही. साखरेचा मोठा हिस्सा मिठाईवाले, बिस्किटवाले आणि थंड पेयवाले उचलतात. शिवाय पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले, तेव्हा उसाला आता साखरेवाचून दुसरी वाटही आहे. कारखाना चालतो तो सभासदाच्या अंगातल्या ताकदीवर. तीच गुडघ्यात आणि दवाखान्याच्या बिलात जिरू लागली, तर उसाची लागण कोण करणार?

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न नव्हता. रात्रपाळीची लाईट आली की कंदील घेऊन मळ्यात जायचे, दारे धरायची, पाट फुटला की कमरेएवढ्या चिखलात उतरायचे. सकाळी बैलांमागे पाच-सहा मैल सहज होत. त्यावर तीन भाकरी आणि मूठभर शेंगदाणे खाल्ले तरी अंगाला लागायचे नाही. आज मोटार घरबसल्या मोबाइलवरून सुरू होते, ठिबकचा कॉक फिरवला की पाणी गेले, सरी ट्रॅक्टर पाडतो आणि तोडीला टोळी येते. आपण मोटारसायकलवरून बांधापर्यंत जातो, एक पाय खाली टेकवून ऊस बघतो आणि माघारी फिरतो. हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. ठिबक करा म्हणून तुमच्या मागे लागणारे आम्हीच. पण काम अर्ध्यावर आले आणि ताट मात्र वडिलांच्या मापाचेच राहिले, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

उलट ताटात भरच पडली. आमच्या एका गटातल्या जुन्या सभासदांकडे आम्ही सहज हिशोब मांडला. घरचा सकाळचा चहा, चावडीवरचा, सोसायटीतला, पाहुण्यांबरोबरचा, असे दिवसाचे आठ कप. कपाला दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर. दिवसाला ८० ग्रॅम आणि वर्षाला २९ किलो! पन्नास किलोच्या पोत्यातले अर्ध्याहून अधिक पोते एका माणसाने नुसत्या चहातून रिचवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर एकूण आहारातल्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास आणली तर अधिक बरे. काकांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "मग उद्यापासून गुळाचा चहा घेतो." काका, गुळातही बहुतांश साखरच असते. तुमच्या गुऱ्हाळाबद्दल आदर राखून हे सांगावे लागते.

काहीजण म्हणतील, आम्ही काही लठ्ठ नाही, थोडे पोट सुटले आहे इतकेच. त्यांच्यासाठी पुण्यातली एक गोष्ट सांगतो. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो निर्देशांक असतो तो दोघांचाही सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, अशी आपल्या लोकांची ठेवण आहे. म्हणून आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण मानतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख निघाली. हा शहरातला, बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे असे समजून आपण निर्धास्त होतो. आता बसून काम आपणही करतो.

नत्राची मात्रा जास्त झालेला ऊस तुम्ही पाहिला आहे. दिसायला हिरवागार, पानांचा नुसता गच्च फड, आणि पावसाळ्यात लोळला, पांगशा फुटल्या की उताऱ्याला मार. आमची स्वतःची प्रकृती काही वर्षांपूर्वी अशीच होती. वजन ८८ किलो. शिवारफेरीत दोन सऱ्या ओलांडल्या की थांबून "हा कोणता प्लॉट?" असे विचारायचे, म्हणजे दम लागलाय हे समोरच्याला कळत नाही. मग एकाच्या सांगण्यावरून आम्ही डब्यातली पावडर सुरू केली. सकाळी पावडर, रात्री पावडर, मध्ये काकडी. तीन महिन्यांत बारा किलो उतरलो. ऑफिसात कौतुक झाले, नवीन पँटी शिवल्या. पावडर बंद केली आणि पुढच्या गळीत हंगामाची मोळी पडेपर्यंत वजन ८७ वर! नवीन पँटी अजून कपाटात आहेत.

तेव्हा डॉक्टरांकडे गेलो, तर "तोंडावर ताबा नाही तुमचा" एवढेच ऐकून परत आलो. त्याचे वाईट वाटले. पुढे वाचनात आले, की दोष सगळा तोंडाचा नसतो. मेलबर्नमध्ये २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन वजन उतरवले आणि वर्षानंतर तपासले, तर भूक वाढवणारे शरीरातले स्राव तेव्हाही चढेच होते. म्हणजे शरीर वर्षभर दुष्काळच समजून चालते आणि मिळेल ते साठवायला बघते. शिवाय अंग हलके झाले की त्याला लागणारे इंधनही कमी होते. जुन्या मापाने जेवू लागलो की वजन वाढणारच.

इथे आम्हांला आपला धंदा आठवला. आडसाली लागणीला सभासद किती जपतो! बेणे निवडून, बेणेप्रक्रिया करून, डोस मोजून, मोठ्या बांधणीपर्यंत रोज एक चक्कर. ऊस तुटून गेला की पाचटाला काडी लावायची, पाणी सोडायचे आणि खोडवा देवाच्या भरवशावर. मग उतरलेल्या टनेजला को ८६०३२ जबाबदार, नाहीतर ऊस विकास अधिकारी. पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, पहारीने खत द्या, हे आम्ही घसा कोरडा होईतो सांगतो. वजनाचेही तेच. उतरवणे ही लागण, ती हौसेने सगळे करतात. उतरलेले सांभाळणे हा खोडवा, आणि तिकडे कुणी फिरकत नाही.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाने आपल्या भागात पुष्कळांची पोटे उतरली, हे आम्ही पाहिले आहे. ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात, त्यांचेही ऐकणारे आहेत. चावडीवर या दोन पंथांत कडाक्याचे वाद होतात. आमच्या मते ही दोन वाणांतली निवड आहे. ज्याच्या जमिनीला जे मानवेल ते त्याने लावावे (मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नये). दुसऱ्या वर्षी ते चालू आहे का, एवढेच आम्ही विचारतो.

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली आहे. वजन उतरवून वर्षभर तरी टिकवले अशांची नावे त्यात घेतात. त्यांनी काय खाल्ले यात नाना प्रकार आहेत, पण सुमारे ९० टक्के लोक व्यायाम करतात, सरासरी रोज तासभर, आणि ७५ टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. आमचा अनुभव याच्याशी जुळतो. नुसते चालून वजन फारसे उतरत नाही. तासाभराच्या चालण्यात जे जळते ते एका प्लेट जिलेबीत परत येते. उतरते ते ताटातून. पण उतरलेले टिकते ते पायांवर. आम्ही आता गट ऑफिसला गाडी लावतो आणि जवळचे प्लॉट पायीच बघतो. चहा दोन कप, बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस काढा प्यायल्यासारखे वाटले, आता गोड चहा तोंडात धरवत नाही. एक चपाती कमी करून तिच्या जागी मटकीची उसळ आली. रविवारी वजन करायचे आणि ते डायरीत लिहायचे. चौथे वर्ष चालू आहे, वजन ७८. अजून पाच-सात किलो जादाच आहे, पण तेवढ्यानेही खूप फरक पडतो. अमेरिकेतल्याच २००२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना ७ टक्के वजन कमी करण्याचे आणि आठवड्यात १५० मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे उद्दिष्ट दिले, तर मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८५ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे सहा किलो.

भगिनींबद्दल एक वेगळे लिहिले पाहिजे. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर पातेल्यात उरलेले वाया कशाला घालवायचे म्हणून त्या खातात. माप सगळ्यांचे असते, उरलेल्याला माप नसते. आणि "सकाळी चालायला जाते" म्हटले तर गाव विचारते, कामं नाहीत का घरात? हे विचारणे पुरुषांनी बंद करावे. बाकी हा लेख तोडीला आलेल्या टोळ्यांतल्या बायामाणसांना लागू नाही, हे सांगायला नको. पहाटे चारला कोयता हाती घेणाऱ्यांचा प्रश्न पुरेसे न मिळण्याचा आहे. त्यावर या पत्रकात स्वतंत्र लिहावे लागेल.

आता संचालक मंडळाकडे आमची एक मागणी. ऊस पीक परिसंवादात नाष्ट्याला जिलेबी ठेवायची पद्धत आहे, तिच्या जागी मोड आलेली मटकी आणि ताक ठेवावे. दुसरे, प्रत्येक गट ऑफिसात माणसे तोलायचा एक काटा आणि कंबर मोजायची एक टेप द्यावी. खर्च फार नाही. ऊसनोंदीला सभासद येतोच, त्याच वेळी लागणीची तारीख, वाण, क्षेत्र यांच्यासोबत त्याच्या डायरीत त्याचे वजन आणि कंबर लिहून द्यावी, पुढच्या नोंदीला पुन्हा लिहावी. डायरी त्याच्याच खिशात राहील, ऑफिसात नक्कल नको.

आमच्या गटात आम्ही हे मंजुरीची वाट न पाहता सुरू केले आहे. टेप शिंप्याकडून आणली, काटा घरचा आहे. काट्याबद्दल कुणाला शंका असेल तर त्याने आपला काटा घेऊन यावे, ताळा करून बघू.