वाचायला शिकवणं तिसरीत संपत नाही

सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात वाचायला शिकवण्याची तासिका नसते. पाठ शिकवले जातात, व्याकरण होतं, उतारे सोडवून घेतले जातात. पण प्रत्यक्ष वाचायला शिकवणं हे पहिली-दुसरीचं काम आणि ते तिथे झालेलं आहे, असं आपण धरून चालतो. वर्गातली मुलं मात्र वेगळं सांगतात. ‘असर’च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी 69.6 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2018 मध्ये हे प्रमाण 73 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे हायस्कूलच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या दर दहा मुलांपैकी तिघांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. ‘निपुण भारत’ अभियान 2021 मध्ये सुरू झालं, पण त्याचं लक्ष्य तिसरीपर्यंतच्या मुलांचं आहे. पुढच्या वर्गांत गेलेल्यांची जबाबदारी आपल्याला, उच्च प्राथमिकच्या शिक्षकांना, स्वतःहून घ्यावी लागेल. आपल्या राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. ज्या मुलाला प्रश्नच वाचता येत नाही, त्याला त्या परीक्षेत काय येतं हे कळणार कसं?

वाचनात मागे पडलेलं मूल सहावीपर्यंत आपली अडचण झाकायला शिकलेलं असतं. फळ्यावरचं ते सुबक अक्षरात उतरवून घेतं. शेजारच्याचं ऐकून पाठ जवळजवळ तोंडपाठ करतं. प्रकट वाचनाची पाळी जवळ आली की त्याला पाणी प्यायला जायचं असतं. लेखी चाचणीत त्याला कमी गुण पडतात, पण ते कुठे अडलं हे त्या गुणांवरून समजत नाही. त्यासाठी त्याला जवळ बसवून, एकट्याला, वर्गासमोर नाही, पाच मिनिटं वाचताना ऐकावं लागतं.

असं ऐकलं की तीन निरनिराळ्या अडचणी समोर येतात. काही मुलं मात्रा, जोडाक्षरं आणि रफार यांपाशीच थांबतात. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंचसं सरळ असलं, तरी ओळखायच्या अक्षरचिन्हांची संख्या मोठी आहे आणि बाराखडी पाठ असणं म्हणजे ‘प्रकाशसंश्लेषण’ किंवा ‘धर्मनिरपेक्ष’ वाचता येणं नव्हे. काही मुलं सगळं वाचतात, पण शब्द शब्द सुटा करून. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्यांच्या हातून सुरुवात सुटलेली असते. तिसरा गट खणखणीत वाचतो आणि काय वाचलं ते सांगू शकत नाही. कोरकू, पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या घरांतली काही मुलं इथे सापडतात. त्यांचं वाचन कच्चं नसतं, पुस्तकातली मराठी त्यांना अजून परकी असते. या तिघांनाही ‘अप्रगत’ म्हणून एकाच रांगेत बसवून एकच अनुलेखन दिलं, तर तिघांचाही वेळ जातो.

पहिल्या गटाला अक्षरांचं नेमकं, क्रमवार शिक्षण हवं. दुसऱ्याला तोच छोटा परिच्छेद जोडीदाराबरोबर पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचायची संधी हवी. संवादांचं नाट्यवाचन यासाठी फार उपयोगी पडतं. तिसऱ्याला आधी बोलणं हवं: नवे शब्द, प्रश्न, स्वतःच्या भाषेत सांगण्याची मोकळीक. यासाठी रोज अर्धा तास इयत्तेच्या भिंती बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करावे लागतात. मुंबई आणि वडोदरा इथे 2001 ते 2003 या काळात ‘प्रथम’च्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास झाला, तेव्हा मागे राहिलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना त्यांच्या पातळीवरून शिकवण्याचा सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्यांनाच झाला होता. तत्त्व मोठ्या मुलांनाही लागू पडतं, पण साहित्य मात्र बदलावं लागतं. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं तर ती अपमानित होते. तिने सांगितलेला पेरणीचा, जत्रेचा किंवा सामन्याचा प्रसंग तिच्याच शब्दांत लिहून काढा आणि तोच तिला वाचायला द्या. वाक्यं सोपी राहतात आणि विषय तिच्या वयाचा राहतो.

हे काम एकट्या भाषाशिक्षकाचं नाही. विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या तासाला नव्या पाठातले पाच-सहा अवघड शब्द आधी फोडून दाखवले, पहिला परिच्छेद शिक्षकांनी स्वतः मोठ्याने वाचला, तर अडखळणाऱ्या मुलालाही पाठात पाय ठेवता येतो. नियमित आणि नेमक्या मदतीनंतरही एखादं मूल पुढे सरकत नसेल, तर त्याच्यावर आपणच शिक्का मारू नये; पालकांशी बोलून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि मदत मिळणं हा त्या मुलाचा हक्क आहे.

आता वाचनसंस्कृतीविषयी. 15 ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो आणि तो करावाच. पण संस्कृती घडते ती रोजच्या सवयीतून. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं व गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट म्हटलं आहे. पुस्तकं हरवतील, फाटतील या धास्तीने ती कपाटात राहतात. फाटलेलं पुस्तक हे वाचलेलं पुस्तक आहे, असं मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनी एकदा ठरवून टाकावं. 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत उपलब्ध करून दिले आहेत. ‘क्वेस्ट’ संस्थेच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमाने आश्रमशाळांतल्या मुलांसमोर पुस्तकांतल्या गोष्टी नाटकातून उभ्या केल्या. ऐकलेली, पाहिलेली गोष्ट वाचायला सोपी जाते. म्हणून रोज दहा मिनिटं शिक्षकांनी वर्गाला वाचून दाखवणं सातवी-आठवीतही बंद होता कामा नये.

वाचायला शिकवणं आणि वाचनसंस्कृती या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवल्या, हीच आपली मोठी अडचण आहे. वाचणाऱ्यांसाठी स्पर्धा आणि ग्रंथप्रदर्शन, न वाचणाऱ्यांसाठी उपचारात्मक वर्ग. ज्याला पुस्तकाची सर्वाधिक गरज, त्याच्या वाट्याला फक्त सराव येतो आणि वाचनात आनंद असतो हे त्याला कधी कळतच नाही. शाळेची वाचनसंस्कृती तिथल्या सर्वांत मागे असलेल्या वाचकावरून मोजली पाहिजे.

शिक्षकमित्रांनो, हे शैक्षणिक वर्ष सुरू होताना पहिल्या महिन्यात सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला एकेकट्याने वाचताना ऐका. कोण कुठे अडतं त्याची साधी नोंद ठेवा. वेळापत्रकात वाचनाचा अर्धा तास लिहून घ्या, पुस्तकांचं कपाट उघडा आणि आलेला अनुभव केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडा. आम्हालाही कळवा, काय जमलं आणि काय नाही, दोन्ही छापायला आम्हाला आवडेल.