कैकेयीचा हात

रणांगणात दशरथाच्या रथाचा आस मोडला, तेव्हा कैकेयीने चाकात आपला हात घातला आणि रथ कोलमडू दिला नाही, ही कथा आपण सर्वांनीच आजीच्या तोंडून किंवा कीर्तनात ऐकलेली आहे. त्याबद्दल तिला दोन वर मिळाले. पुढे त्या दोन वरांची एवढी चर्चा झाली की तो हात बिचारा विसरलाच गेला! आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचेही काहीसे असेच झाले आहे, हा विचार मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सुचला. त्या वेळी मी आमच्या अंगणात, मोटारीखाली उताणी पडले होते.

आमच्या घरी जुन्या बाजारातून घेतलेली मारुती ८०० आहे. ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. पण आमच्यासारख्यांच्या दारात ती अजून उभी आहे. तिच्याआधीच्या अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना मागची चाके ढकलीत; पुढच्यांचे काम नुसते वळण्याचे. मारुतीत मात्र पुढचीच चाके गाडी ओढतात आणि तीच वळतातही. म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा फिरता फिरता वाकलाही पाहिजे. बैलगाडीचा आस जागच्या जागी स्थिर असतो, चाक त्याच्यावर फिरते. येथे आसच फिरतो. कागदोपत्री त्याला ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात, पण गॅरेजमध्ये सगळे 'एक्सल'च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

हा वाकून फिरण्याचा प्रश्न साधा नाही. जुन्या पद्धतीचा सांधा वाकला की पलीकडचा दांडा एकाच फेऱ्यात कधी भरभर तर कधी हळू फिरतो आणि चाकाला हिसके बसतात. आल्फ्रेड झेप्पा नावाच्या अभियंत्याने १९२०च्या दशकात यावर तोड काढली. वाटीत वाटी, मध्ये खोबणींतून बसवलेले सहा पोलादी गोळे आणि त्यांना धरून ठेवणारा पिंजरा. सांधा कितीही वाकला तरी गोळे नेमके त्या कोनाच्या मध्यावर राहतात आणि दोन्ही दांडे एकाच गतीने फिरतात. १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या मिनी गाडीने हा सांधा घरोघरी पोहोचवला. ही युक्ती मला एखाद्या चांगल्या उपमेइतकी सुंदर वाटली, हे येथे प्रांजळपणे सांगते.

आमची गाडी वळताना 'कट कट कट' करू लागली होती. साधारणपणे वळणाच्या बाहेरच्या बाजूचा सांधा असा बोलतो. खाली वाकून पाहिले तर सांध्यावरचा रबरी बूट फाटलेला, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले, आणि गोळ्यांच्या जागी धूळ नि पाणी शिरलेले. बूट फाटला तेव्हाच लक्ष गेले असते तर नवा बूट आणि पसाभर ग्रीस यांवर भागले असते. आता एक्सलच बदलणे आले. बाबा म्हणाले, "आपणच बदलू." आई म्हणाली, "परीक्षेचं काय?" आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुलीच्या जातीला हे कशाला?" या तिसऱ्या वाक्याकडे मी पुढे येईन.

कामाला क्रम असतो, आणि तो वाद घालून बदलता येत नाही. चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो. उचलल्यावर चाकच फिरू लागते. पान्याला पाइप जोडून बाबा त्यावर अक्षरशः उभे राहिले. मग मागच्या चाकांना दगडाची उटी लावली, गाडी जॅकने उचलली आणि लोखंडी घोड्यांवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे आत्महत्याच. गिअरबॉक्समधले तेल काढले, खालचा बॉल जॉइंट सोडवला, हब बाहेर ओढला, आणि एक्सलचे बाहेरचे टोक सुटले.

येथपर्यंत सारे पुस्तकाप्रमाणे झाले, आणि मग आमची घाई आडवी आली. आतले टोक गिअरबॉक्समध्ये एका बारीक कडीने धरलेले असते. मी आणि धाकट्या भावाने दांडा धरून जोर लावला. दांडा आला, पण सांध्याचा आतला अर्धा भाग गिअरबॉक्समध्येच राहिला! संध्याकाळी बाबा कोपऱ्यावरच्या मेस्त्रींना घेऊन आले. त्यांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, "ताई, ह्यो वढायचा नसतो. मुळाशी उचकटायचा." दोन बाजूंना दोन टॉम्या लावल्या, एकच हिसका दिला, 'टक्' असा आवाज झाला आणि काम संपले. तेलाच्या सीलला ओरखडासुद्धा नाही. त्यांनी पैसे मागितले, बाबांनी दिले. तो हिसका किती आणि कोणत्या दिशेचा, हे ते मला शब्दांत सांगू शकले नाहीत. मी ज्ञानमीमांसेच्या पेपरात प्रथम श्रेणी मिळवलेली. पण हे ज्ञान कोणत्या सदरात बसवावे हे मलाही सांगता आले नाही.

आता काकूंच्या वाक्याकडे येते. 'जात' हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल, पण तो नेमका होता. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या, लाहोरला व्हावयाच्या पण न झालेल्या भाषणात मांडले. आम्ही ते परीक्षेत बिनचूक लिहितो आणि पंक्चर काढणाऱ्या मुलाशी एकेरीत बोलतो. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली; तिचेही आमच्याकडे दहा गुणांचे टिपण झाले. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने कौशल्यशिक्षण पदवीच्या वर्गात आणले खरे. पण त्या तासालाही आम्ही फळ्यावरच्या व्याख्याच उतरवून घेतो.

आमच्या एका सरांचा याला आक्षेप आहे. ते म्हणतात, "ज्याचे काम त्याने करावे, तुम्ही घरी दुरुस्ती करू लागलात तर मेस्त्रीने खायचे काय?" आक्षेप रास्त आहे, पण अनुभव उलटा आहे. त्या संध्याकाळनंतर बाबांनी मेस्त्रींशी घासाघीस केलेली मी पाहिलेली नाही. ज्याने एकदा तो नट सोडवून पाहिला आहे, त्याला मजुरी जास्त वाटत नाही. शिवाय सगळ्यांनी सगळे करावे असे माझे म्हणणेच नाही. ब्रेकचे काम मी घरी करणार नाही, आणि तो मधला नट शेवटी किती आवळायचा याचे ठरलेले माप असते, त्यासाठी मापाचा पाना आम्ही मेस्त्रींकडूनच मागून आणला. माझे म्हणणे इतकेच आहे की कौशल्याच्या तासाला आठवड्यातून एकदा तरी अशा एखाद्या मेस्त्रीला, सुताराला, शिंप्याला मानधन देऊन बोलवावे, आणि त्या दिवशी वह्या दप्तरातच ठेवाव्यात.

सुट्टीनंतर मी निबंधवाचनाला उभी राहिले तेव्हा माझी नखे काळी होती आणि पुढच्या बाकावरून कुजबूज झाली. ते काळे रॉकेलने जाते, साबणाने जात नाही, हेही मला या सुट्टीतच समजले. जुना एक्सल मी भंगारात घातलेला नाही. बाहेरचा सांधा उघडून, पुसून, पिशवीत ठेवला आहे. सहाही गोळे शाबूत आहेत, खोबणींत मात्र चरे पडले आहेत. पुढच्या सत्रात तो महाविद्यालयात आणीन. ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात जागा आहे, की प्रयोगशाळा आपल्याकडे नसल्यामुळे दुसरीकडे कोठे ठेवायचा, तेवढे प्राचार्यांनी सांगावे.