सीमा बंद करा, पण दवाखान्याची वाट उघडी ठेवा

कोरोनाच्या आठवणी आता कुणाला नकोशा वाटतात. "झालं गेलं, कशाला उकरायचं?" असं आमच्या घरातही म्हणतात. पण पुढची साथ काही विचारून येणार नाही. म्हणून आपल्या सीमाभागातल्या माणसांनी त्या दीड वर्षात काय पाहिलं आणि पुढच्या वेळी काय मागायचं, हे एकदा नीट लिहून ठेवायला हवं असं मला वाटतं. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

माझं माहेर उदगीर, सासर कमलनगर. मधे अंतर वीसेक किलोमीटर. एक जिल्हा लातूर, दुसरा बीदर. एक राज्य महाराष्ट्र, दुसरं कर्नाटक. लग्न होऊन आले तेव्हा राज्य बदललं असं मला वाटलंच नाही. घरात मराठी, बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही, बसवर पाटी कन्नड. तूर-सोयाबीन घालायला आमच्याकडची माणसं उदगीरच्या मोंढ्यात जातात, लग्नाचा बस्ता उदगीरला, दाढ दुखली तरी उदगीर. बीदर आमचं जिल्ह्याचं ठिकाण, ते साठेक किलोमीटरवर. आणि जिथून नियम निघतात ते बेंगळुरू सातशे किलोमीटरच्या वर.

जुनी माणसं सांगतात की पूर्वी हे सगळं एकच होतं. निजामाच्या काळात आणि पुढं हैदराबाद राज्यातही उदगीर हा बीदर जिल्ह्यातलाच तालुका. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडं उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद इकडं म्हैसूर राज्यात आले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. १९८२ ला लातूर जिल्हा झाला आणि उदगीर त्यात गेलं. आमचं कमलनगर औरादमध्ये होतं, आता स्वतः तालुका झालंय. कागदावर एवढी फिरवाफिरव झाली, पण पेशंटची वाट काही बदलली नाही. ती उदगीरकडंच जात राहिली. सीमाप्रश्नावर इथं मला बोलायचं नाही, त्यासाठी जाणती माणसं आहेत. मी बोलतेय ते फक्त दवाखान्याच्या वाटेबद्दल.

देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू आपल्या शेजारच्या कलबुर्गीचा, हे आता बरेच जण विसरले. ७६ वर्षांचे गृहस्थ सौदीहून परतले, आजारी पडले, उपचाराला त्यांना हैदराबादला नेलं आणि परत आणताना १० मार्च २०२० ला ते गेले. दोन दिवसांनी अहवाल आला. यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. कलबुर्गीचा माणूस उपचारासाठी हैदराबादला, म्हणजे दुसऱ्या राज्यात गेला. यात वेगळं काही नव्हतं, या भागातली माणसं अशीच जातात. बीदरची हैदराबादला, आमच्याकडची उदगीर-लातूरला, अक्कलकोटकडची सोलापूरला. जवळ कुठं आणि गुण कुठं येतो, एवढंच बघतात.

मग २२ मार्चला रेल्वे थांबली. विकाराबाद-परळी मार्गावरचं आमचं स्टेशन सुनं पडलं. २५ मार्चपासून देश बंद. तेव्हा सगळेच घरात होते, म्हणून आमचं वेगळं दुःख असं काही नव्हतं. खरा त्रास पुढं सुरू झाला. १८ मे ला कर्नाटकानं महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू आणि केरळमधून येणाऱ्यांना महिनाअखेरीपर्यंत बंदी घातली. त्यानंतर महाराष्ट्रातून येणाऱ्याला सात दिवस सरकारी विलगीकरणात आणि पुढं सात दिवस घरात, असा नियम झाला. मुंबईहून येणाऱ्यासाठी हा नियम मी समजू शकते. पण सकाळी उदगीरला जाऊन दुपारी जेवायला घरी येणाराही त्यात "महाराष्ट्रातून आलेला"च ठरला.

माझ्या सासऱ्यांना, आम्ही त्यांना मामंजी म्हणतो, आठवड्यातून दोनदा उदगीरला डायलिसिस असायचं. मंगळवार आणि शुक्रवार. डायलिसिस म्हणजे काय हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. एक फेरी चुकली की अंगाला सूज, दोन चुकल्या की दम. नाक्यावर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की एका दिवशी सोडायचे, दुसऱ्या दिवशी दुसरी माणसं असायची, ती म्हणायची, "पास कुठाय? बीदरला न्या." जाताना सोडलं तरी येताना कोण अडवील याचा भरवसा नाही. बीदरकडच्या एका दवाखान्यात चौकशी केली, तर तिथं आधीच पेशंटची रांग. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराशी बसून म्हणायच्या, "मंगळवार तर गेला, शुक्कीरवार तरी गावंल का गं?" माझा भाऊ उदगीरहून औषधं घेऊन नाक्यापर्यंत यायचा, पिशवी अडथळ्याच्या पलीकडं ठेवून मागं सरकायचा, मग आमच्यातलं कुणी जाऊन ती उचलायचं. मामंजी त्यातून निघाले. पुढं दीड वर्षांनी त्यांच्या मूळ दुखण्यानंच गेले. त्याचा बोल मी कुणाला लावत नाही. नाक्यावरचे पोलीसही आमच्याच भागातली पोरं, उन्हातान्हात उभी होती, त्यांच्या हातात जो कागद होता तो ते राबवत होते. माझं म्हणणं त्या कागदाबद्दल आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हे नुसतं रडगाणं होईल. सीमा बंद करणं मुळातच चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्या उन्हाळ्यात देशात सर्वांत जास्त रुग्ण महाराष्ट्रात होते. कलबुर्गी, यादगीरकडं मे-जूनमध्ये जे रुग्ण वाढले, त्यांत मुंबई-पुण्याहून परतलेली मजूर माणसंच जास्त होती. बेंगळुरूत बसलेल्या अधिकाऱ्याला भीती वाटणं स्वाभाविक होतं.

आणि वाट बंद केल्यानं माणसं वाचतात याला इतिहासात पुरावाही आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर काय झालं बघा. पश्चिम सामोआत ऑकलंडहून एक जहाज आलं, आजारी माणसं उतरली आणि थोड्याच आठवड्यांत तिथली पाचातली एकाहून जास्त माणसं गेली. जवळच्याच अमेरिकी सामोआनं जहाजांवर कडक बंदी ठेवली, तिथं या साथीत एकही मृत्यू झाला नाही. आपल्याकडं लक्षद्वीपचं उदाहरण आहे. वस्ती साधारण ६५ हजार. बेटावर जायचं तर आधी कोचीला विलगीकरणात राहायचं, तपासणी करायची, मग जहाज. सगळा देश होरपळत असताना २०२० चं अख्खं वर्ष तिथं एक रुग्ण नाही. डिसेंबरमध्ये नियम सैल केले, १८ जानेवारी २०२१ ला पहिला रुग्ण सापडला आणि मे संपेपर्यंत आकडा हजारोंत गेला.

म्हणजे बेटं बंद ठेवावीत, हे खरंच. पण बेट कसं बंद ठेवलं होतं तेही बघितलं पाहिजे. लक्षद्वीपला यायची दारं मोजकीच, जहाजाचं आणि विमानाचं. त्या दारांवर तपासणीची आणि राहण्याची सोय आधी केली, मग दार आवळलं. धान्य, औषध जहाजानं जात राहिलं. आणि बेटावर कुणी अत्यवस्थ झालं तर त्याला हेलिकॉप्टरनं कोचीला नेण्याची पद्धत तिथं आधीपासूनच आहे. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या गावाला दवाखान्याची वाट होती आणि डांबरी रस्ता असलेल्या आम्हाला नव्हती! आम्हाला बेटाचे नियम लावले, पण बेटाला मिळणाऱ्या सोयी दिल्या नाहीत.

शिवाय आमच्याभोवती समुद्र नाही, शिवार आहे. मोठा रस्ता अडवला तर धडधाकट माणूस पाणंदीनं, बांधाबांधानं पायी जातोच, आणि जात होतीच की. मिरगाच्या तोंडाला कुणाचं रान पलीकडं, कुणाचं बियाणं पलीकडं, शेतकरी थांबणार कसा? त्यांची तपासणी कुणी केली? कुणीच नाही. आणि ज्याला चालवत नाही, जो गाडीत आडवा पडलाय, तो मात्र नाक्यावर अडकला. ज्याला थांबवायचं तो निसटतो आणि ज्याला सोडायचं तो थांबतो, असा हा बंदोबस्त होता. "एकाला सोडलं तर सगळे घुसतील" असं जे म्हणतात, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

आमच्यासारखी अवस्था इतरांचीही झाली. केरळातल्या कासरगोडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मंगळुरूच्या दवाखान्यांत जातात. मार्च २०२० मध्ये तिथला रस्ता अडवला, रुग्णवाहिका परत फिरल्या, माणसं गेली. केरळ उच्च न्यायालयानं दखल घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तातडीच्या रुग्णांना कसं सोडायचं याची पद्धत ठरली. दिल्लीकडं नोएडा, गुडगाव आणि दिल्ली यांच्या सीमा एकमेकांना बंद झाल्या, तेव्हा जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं या सगळ्या भागासाठी एकसारखं धोरण ठरवा असं सांगितलं. दिल्लीवाल्यांचं जगणं तीन राज्यांत विभागलेलं आहे हे न्यायालयाला पटलं. कमलनगर, औराद, भालकी, देगलूर, उदगीर यांचंही तसंच आहे. फरक इतकाच की आमच्याकडून कोर्टात कुणी गेलं नाही.

नियम सुधारता येतात हेही पुढं दिसलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला. जुलैमध्ये एक डोस घेतलेल्याला सूट मिळाली. घरात मयत झालेली असेल किंवा उपचाराला यायचं असेल, तर येताना नाक्यावरच नमुना घ्यायचा, असं ठरलं. रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला, व्यापाऱ्याला पंधरा दिवसांतून एक तपासणी पुरे झाली. बघा, शहाणपणाचा नियम करता येतो! पण तो यायला वर्षाच्या वर गेलं. डायलिसिसचा पेशंट वर्षभर कसा थांबणार?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पुढच्या साथीचा सीमेचा नियम आत्ताच, साथ नसताना, डोकं शांत असताना ठरवून ठेवावा. त्यात मला चार गोष्टी हव्यात.

एक, दवाखान्याची वाट कधीही बंद होणार नाही. डायलिसिस, कॅन्सर, बाळंतपण अशा माणसांची यादी तालुक्याच्या आरोग्य खात्यानं ठेवावी आणि त्यांना एक पास द्यावा, जो दोन्हीकडच्या नाक्यांवर चालेल. नाक्यावरची माणसं बदलली म्हणून नियम बदलता कामा नये.

दोन, अडवायचं तर नाक्यावरच मोफत तपासणी असावी. गरीब माणसानं दर खेपेला खिशातून पैसे घालून अहवाल आणायचा, हे परवडण्यासारखं नव्हतं.

तीन, प्रत्येक सूचना कन्नडबरोबर मराठीत आणि उर्दूतही लावावी. आत्याबाईंना कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही. अशा किती आत्याबाई या पट्ट्यात असतील, विचार करा. न वाचलेला नियम पाळणार कसा?

चार, बीदर, लातूर आणि नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसून याची उजळणी करावी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहेच. साथरोग कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. रेल्वेनं किंवा इतर वाटेनं जाणाऱ्यांना तपासायचा आणि वेगळं ठेवायचा अधिकार त्यात आहे. अधिकार जुनाच राहू द्या, पण तो वापरताना शेजारच्या जिल्ह्याला विचारायची सवय तरी नवी लावा.

यात खर्च फारसा नाही आणि कुणाचं राज्यही जात नाही. सीमा आहे तिथंच राहील.

आपल्यापैकी जे ग्रामपंचायतीत, तालुक्यात, पक्षांत आहेत, त्यांनी ही मागणी लेखी द्यावी. आणि ज्यांच्या घरात त्या दिवसांत कुणाची फेरी चुकली, कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाला माहेरच्या मातीला पोचता आलं नाही, त्यांनी तारीख-वार घालून इथं खाली लिहावं. मोठ्या माणसांची नावं नकोत, भांडण नको. आपल्याला नुसती नोंद हवी आहे. उद्या एखादा साहेब विचारील, "असं खरंच किती जणांचं झालं होतं?" तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडं काहीतरी असलं पाहिजे.