बारा लिटरांचे तळे

मराठी भाषेने कोळंबीवर अन्याय केला आहे, असे माझे अलीकडे मत झाले आहे. कोळंबी, करंदी, जवळा, सोडे... शब्दांना तोटा नाही. पण यांतला कुठलाही उच्चारा, नाकाला आधी फोडणीचा वास येतो. खायची नाही, नुसती पाहायची, अशा कोळंबीसाठी आपल्याकडे शब्दच नाही. त्यामुळे "आम्ही घरी कोळंबी पाळली आहे" असे मी स्टाफरूममध्ये जाहीर केले, तेव्हा आमचे इतिहासाचे प्राध्यापक मोठ्या आशेने म्हणाले, "वा! मग कधी येऊ?"

त्यांची निराशा करणे भाग पडले. ही कोळंबी उण्यापुऱ्या दोन-अडीच सेंटिमीटरांची. गोड्या पाण्यातली, मूळची तैवान आणि पूर्व चीनकडची. ओढ्यात असते तेव्हा तिचा रंग मातकट. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या लालसर तेवढ्या निवडून वाढवल्या, आणि आता दुकानात ती 'चेरी' म्हणून मिळते. आमच्या आठवीतल्या कन्येने ती पाहिली आणि जूनमध्ये घरात टाकी आली. ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद, २० उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर १२ लिटर पाणी. मोल्सवर्थचा कोश दुसऱ्या फळीवर हलवून त्याच्या जागी ती बसवली.

लहान टाकी म्हणजे लहान काम, असा सर्वसाधारण समज आहे. वाचकहो, तो आधी डोक्यातून काढून टाका. दोनशे लिटरांच्या हौदात एखादी गोगलगाय मेली तर हौदाला पत्ता लागत नाही. १२ लिटरांत तीच गोगलगाय साथीचा रोग आणते. उन्हाने पाणी आटते, पण त्यातले क्षार मागेच राहतात. वर पुन्हा नळाचे पाणी ओतले की आणखी क्षार. म्हणून आटलेली तूट क्षार काढलेल्या शुद्ध पाण्याने भरायची, आणि आठवड्याला दहावा हिस्सा पाणी मात्र खरोखर बदलायचे. मोठे पाणी चुका पोटात घालते. लहान पाणी तोंडावर बोलते.

या विद्येचा एक आद्य पुरुष लंडनचा रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन. याने १८५० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती एका टाकीत ठेवली होती. काही दिवसांनी कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले आणि टाकी पुन्हा निवळली. मासा, पाला आणि सफाई कामगार असा तिघांचा संसार! यात चौथाही एक भागीदार होता, पण तो डोळ्यांना दिसत नाही. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया होतो, तो विषारी. काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी, आणि झाडे ते खातात. हे जंतू विकत आणलेल्या कोऱ्या काचेवर नसतात. खडी, स्पंज आणि झाडांची पाने यांवर त्यांची वस्ती वसावी लागते. तिला चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून आम्ही तळाशी तीन सेंटिमीटर काळी बारीक वाळू धुऊन घातली, लाकडाच्या मुळीला जावा मॉस बांधले, दोन अनुबियास लावले, हवेवर चालणारा स्पंजाचा फिल्टर बसवला (दुसरा चालत नाही, पिल्ले ओढली जातात), क्लोरीन मारण्याचे औषध घातले, आणि कोळंबी आणलीच नाही. रोज माशांच्या खाद्याची एक चिमूट त्या रिकाम्या पाण्याला घालायची, आणि कुप्यांतले थेंब टाकून रंग पाहायचा. नसलेल्या जनावराला रोज जेवण वाढताना पाहून आमच्या घरातून "पितृपक्ष लवकर आला वाटतं" असा शेरा ऐकू आला. कन्या शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारी, "बाबा, पाणी झालं?" भात झाला का, तसे. नव्हते झाले. पाचव्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तेव्हा झाले.

मधल्या काळात खरा पेच माझ्या आईने टाकला. रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेले पाणी तिने सकाळी प्रेमाने पुढे केले. "पोटाला चांगलं असतं रे. माणसाला चालतं ते त्या किड्याला का चालू नये?" प्रश्न बिनतोड होता. आणि गंमत अशी की कोळंबीच्या रक्तातच तांबे असते. आपल्या रक्तात जे काम लोखंड करते, ते तिच्या रक्तात तांबे करते. पण तेच पाण्यात विरघळलेले थोडेसे जरी असले तरी तिचा जीव घेते. गोगलगाई मारायच्या नि माशांच्या काही औषधांतही ते असते, तेव्हा बाटलीवरचे वाचूनच घ्यावे. आईला हे पटले असे नाही. ते पाणी तिने मला प्यायला लावले.

दहा कोळंब्या आल्या. त्यांना एकदम टाकीत सोडायचे नसते. सलाईनच्या नळीने सेकंदाला एक-दोन थेंब अशा बेताने आमचे पाणी त्यांच्या भांड्यात दोन तास उतरवले. ऑगस्टमध्ये एकीच्या पाठीवर पिवळसर ठिपका दिसला. याला खोगीर म्हणतात. ती तयार होणारी अंडी. सप्टेंबरात ती अंडी पोटाखाली आली, पंचवीसएक असतील. पायांनी ती सारखी हलवत, त्यांना वारा घालत असे.

आणि नेमकी त्याच आठवड्यात गल्लीत डासांची धूरफवारणी आली. डासाला मारणारे औषध कोळंबीला डासाहून वेगळे समजत नाही. दोघे दूरचे भाऊबंद. फाटकापाशी यंत्राची घरघर ऐकताच आमच्या सौ.ने खिडक्या लावल्या, हवेचा पंप बंद केला (तो खोलीतलीच हवा पाण्यात भरतो) आणि टाकीवर ओला पंचा टाकला. मी कॉलेजात 'मराठी नियतकालिकांचा उदय' शिकवत होतो. दीड तासाने पंप लावला. रात्री मोजल्या तर नऊ. सकाळी तळाशी दहावीचे पारदर्शक कलेवर! कन्या शाळेत गेली नाही. पण मी काठीने ते हलवले तर आत काहीच नव्हते. नुसती कात. ती तशीच ठेवायची असते, त्यातली खनिजे त्या स्वतःच खातात. नवे कवच कठीण होईपर्यंत कोळंबी लपून बसते. दुपारी ती मॉसमधून बाहेर आली.

हा अंक छापायला जाताना बावीस पिल्ले मोजली आहेत. अंड्यातून निघतानाच ती आईची हुबेहूब, टाचणीच्या टोकाएवढी आवृत्ती असतात. पुढे पन्नास झाली की काय, असा प्रश्न आहे. मुठेत सोडणे हे उत्तर नव्हे. परदेशी प्राणी आपल्या नदीत टाकू नये, तसाच आपला दुर्मीळ पाला नदी-सड्यांवरून टाकीसाठी उपटूही नये. साताऱ्याकडच्या सड्यांवरचा वायतुरा सह्याद्रीबाहेर कुठे उगवत नाही. तो पावसाळ्यात तिथे जाऊन पाहावा. कन्येच्या दोन मैत्रिणींनी पिल्लांची मागणी नोंदवली आहे. तिने दोघींना अट घातली आहे: आधी पाच आठवडे पाणी दाखवा.