पाण्याचा हिशेब शिकवण्यासाठी पैसा का नाही?

काही वर्षांपूर्वी अनंतपूर जिल्ह्यातील एका गावात भिंतीवर रंगवलेला एक तक्ता पाहिला होता. महिन्याचा पाऊस किती, कोणत्या विहिरीत पाणी किती मीटरवर, रब्बीसाठी शिल्लक किती, असे त्याचे रकाने होते. रंग टिकून होता. पण शेवटची नोंद फार जुनी होती. ‘आता लिहीत नाही का?’ असे विचारल्यावर एक वयस्कर शेतकरी म्हणाले, ‘लिहिता येते. पण पर्जन्यमापक मोडला आणि तो बदलून देणारे कोणी उरले नाही.’ तो प्रकल्प कोणाचा होता, हे येथे महत्त्वाचे नाही. त्या एका वाक्यात आपल्या जलधोरणातील मोठी उणीव मात्र सामावलेली आहे.

अवर्षणग्रस्त भागांत बंधारे, शेततळी आणि चर यांवर आपण उदारपणे खर्च करतो. त्या पाण्याचा वापर ज्यांना ठरवायचा आहे, त्यांच्या शिक्षणावरचा खर्च मात्र ‘जनजागृती’ या किरकोळ शीर्षाखाली जातो. देशात वर्षाला सुमारे २४५ अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते आणि त्यातील सुमारे ८७ टक्के सिंचनासाठी वापरले जाते, असे २०२४ चे केंद्रीय मूल्यांकन सांगते. हा उपसा काही मोजक्या धरणांच्या दरवाजांतून होत नाही. तो कोट्यवधी विहिरींतून आणि विंधन विहिरींतून होतो. १८८२ च्या ‘ईझमेंट’ कायद्यापासून ‘जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे’ ही समजूत आपल्याकडे रुजली आहे. अशा स्थितीत प्रत्येक विहिरीवर निरीक्षक नेमणे अशक्य आहे. विहीर मालकाला आणि त्याच्या शेजाऱ्याला भूजलाचा हिशेब कळणे, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

हा मार्ग काल्पनिक नाही. पूर्वीच्या अखंड आंध्र प्रदेशातील अनंतपूर, कर्नूल, कडप्पा, चित्तूर, प्रकाशम, महबूबनगर आणि नलगोंडा या सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत २००० नंतरच्या दशकात ‘शेतकरी व्यवस्थापित भूजल प्रणाली’ हा कार्यक्रम राबवला गेला. निधी नेदरलँड्सचा होता, तर मार्गदर्शन संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे होते. शेकडो गावांतील शेतकरी स्त्री-पुरुष स्वतः पाऊस मोजू लागले, ठरावीक विहिरींतील पातळी नियमितपणे नोंदवू लागले. रब्बीच्या पेरणीपूर्वी सगळे एकत्र बसून ताळेबंद मांडत: जमिनीत मुरले किती, खरिपात उपसले किती आणि ठरवलेल्या पिकांना लागणार किती. तूट दिसली तरी कोणावर बंदी नसे. भात लावायचा की कमी पाण्याचे पीक घ्यायचे, हा निर्णय ज्याचा त्याचा असे. पण तो डोळसपणे घेतला जाई. जागतिक बँकेने २०१० च्या भूजलविषयक अहवालात या प्रयोगाची विशेष दखल घेतली होती.

महाराष्ट्रातील वाचकांना हे वाचून हिवरे बाजार आठवेल. तेथेही उपलब्ध पाणी पाहून पिके ठरवली जातात. फरक असा की, हिवरे बाजारमागे दीर्घकाळ टिकलेले स्थानिक नेतृत्व आहे. प्रत्येक गावाला असे नेतृत्व लाभेल, या आशेवर धोरण आखता येत नाही. आंध्रमधील प्रयोगाने सामान्य गावांनाही हा हिशेब शिकता येतो, हे दाखवले. त्याची दुसरी बाजूही लपवू नये. निधी आटल्यानंतर झालेल्या पाहण्यांत अनेक ठिकाणी नियमित नोंदी थांबल्याचे आढळले. याचा अर्थ शिक्षण व्यर्थ ठरले, असा काहीजण लावतात. मला तो मान्य नाही. शिक्षकांचे वेतन थांबवल्यावर शाळा ओस पडली, तर दोष अभ्यासक्रमाला देत नाहीत.

आता सरकारी निधीची रचना पाहू. २००८ च्या पाणलोट विकासाच्या समान मार्गदर्शक तत्त्वांत संस्थाबांधणी व क्षमताविकासासाठी खर्चाच्या ५ टक्के तरतूद होती. जलजीवन मिशनमध्ये लोकसहभागासह सर्व पूरक कामांसाठीची मर्यादाही ५ टक्क्यांचीच. त्या मानाने २०१९ मध्ये सुरू झालेली अटल भूजल योजना वेगळी ठरते. महाराष्ट्रासह सात राज्यांसाठीच्या ६,००० कोटींपैकी १,४०० कोटी रुपये संस्थात्मक बळकटीकरणासाठी, तर उर्वरित ४,६०० कोटी राज्यांना कामगिरीनुसार प्रोत्साहन म्हणून ठेवले गेले. गावाने स्वतः पाण्याचे अंदाजपत्रक मांडावे, हा तिचा गाभा. दिशा योग्य होती. पण तीही मुळात पाच वर्षांचीच योजना. भूजलाचा प्रश्न पिढ्यांचा आणि त्याचे शिक्षण मात्र प्रकल्पाच्या मुदतीचे, ही विसंगती कायम राहिली.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, प्रशिक्षणाच्या नावाखाली भाषणे, फलक आणि चहापानावर पैसा उडतो. हे खरे आहे. म्हणूनच किती प्रशिक्षणे झाली, हे मोजू नये. दोन वर्षांनंतर गावात नोंद चालू आहे का आणि पेरणीपूर्वी ताळेबंद मांडला जातो का, हे मोजावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेतीला फुकट वीज आणि पाणीखाऊ पिकांना हमखास बाजार मिळत असताना शेतकऱ्याला काटकसर शिकवणे हा दांभिकपणा नव्हे काय? आंध्रने स्वतः २००४ मध्ये शेतीसाठी मोफत वीज सुरू केली होती. केवळ शिक्षणाने ही विकृती दूर होणार नाही, हे मान्य. पण वीज आणि पिकांविषयीची अप्रिय सुधारणा उद्या करायची झाली, तर तिला गावातून पाठिंबा कोण देईल? ज्याने स्वतःच्या विहिरीची घसरती पातळी स्वतःच्या हाताने नोंदवली आहे, तोच.

माझा आग्रह तीन गोष्टींचा आहे. एक, जलशिक्षण हा प्रकल्पखर्च न मानता आवर्ती खर्च मानावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा ३० टक्के भाग पेयजल, पर्जन्यजल संधारण आणि पुनर्वापराशी बांधला होता. अशा बांधील निधीतून गावातीलच एका प्रशिक्षित व्यक्तीला जलनोंदीसाठी मानधन देण्याची स्पष्ट मुभा हवी. दोन, केंद्रीय भूजल मंडळाने सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरचे जलधर नकाशे तयार केले आहेत. ते गावाला समजतील अशा भाषेत आणि प्रमाणात पोहोचवावेत. तीन, जिल्हा स्तरावर गावांच्या नोंदी तपासून शंका सोडवणारा भूवैज्ञानिक कायमस्वरूपी असावा. या साऱ्याचा खर्च बंधाऱ्यांच्या खर्चापुढे नगण्य आहे. पण उद्घाटनाची फीत कापावी असे त्यात काहीच नसते. कदाचित म्हणूनच तो होत नाही.

अनंतपूरच्या त्या गावाला नव्या बंधाऱ्याची गरज असेलही. त्याआधी त्याला एक पर्जन्यमापक हवा होता आणि तो मोडल्यावर बदलून देणारी व्यवस्था हवी होती. एवढेही आपण देऊ शकत नसू, तर दर दुष्काळात शेतकऱ्याला पाणी जपून वापरण्याचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.