आधी सोनोग्राफी, मग इंजेक्शनची चर्चा

माहीम-केळवे-पालघरकरांनो, वजन कमी करायचं सेमाग्लुटाइड इंजेक्शन किडनी वाचवतं, हे अर्धंच खरं आहे. २०२४च्या 'फ्लो' चाचणीत त्याने किडनी आणखी बिघडण्याचा किंवा किडनी-हृदयविकाराने मृत्यूचा एकत्रित धोका २४ टक्के कमी झाला. पण ते रुग्ण टाइप २ मधुमेहाचे होते.

घराण्यात चालत येणारा पॉलिसिस्टिक किडनीचा आजार वेगळा. त्यात किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जातात. वजन जास्त असलेल्यांत त्या लवकर वाढतात, म्हणून या औषधाकडून आशा आहे. सिद्ध काही झालेलं नाही.

आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, तो येण्याची शक्यता ५० टक्के. तरी लग्नं अडतील म्हणून आपण लपवतो आणि थेट डायलिसिसच्या वेळी कळतं!

२०१६पासून गरिबांच्या डायलिसिससाठी केंद्राची योजना आहे. माझी मागणी साधी आहे: या आजाराचा रुग्ण डायलिसिसला आला की त्याच्या भावंडांची, सज्ञान मुलांची सोनोग्राफी आणि बीपी तपासणीही तिथेच मोफत व्हावी. बीपी ताब्यात राहिलं तर किडनी जास्त वर्षं साथ देते.

ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांच्यापर्यंत हे नक्की पोचवा.